दादा, खडा निघाला होता

दादा, तुला सगळ्यांनी मिळून देवमाणूस करून टाकलंय. जव्हारच्या शोकसभेत माणसं एकामागून एक उठत होती आणि तोच शब्द बोलून खाली बसत होती. तू असतास तर पहिल्या दोघांनंतरच चपला शोधायला लागला असतास. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसतीच उभी राहिले. शेवटी वहिनीनं हाताला धरून मला खाली बसवलं. लोकांना वाटलं, बहिणीला रडू आवरत नाहीये. रडू येतच नव्हतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि भांडण अर्धं टाकून तू निघून गेला होतास.

ते उरलेलं आता इथं बोलते. तू ऐकत नाहीस हे मला कळतं. तसा जिवंतपणीही तू माझं फारसं ऐकायचा नाहीस.

मी पुण्याच्या कंपनीत दुर्बिणी बनवते असं आई आपल्या गावी, खोडाळ्यात, सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्याला डोंगर बघायची दुर्बीण वाटायची. जव्हारजवळ शिरपामाळावर फिरायला येणारे पाहुणे गळ्यात अडकवून फिरतात, तसली. खरं म्हणजे आईलाही तसंच वाटायचं. एका रविवारी जेवताना तूच तिला सांगितलंस, "अगं, बायची दुर्बीण माणसाच्या आत बघायची असते. लघवीच्या वाटेनं वर किडनीपर्यंत जाते. तिच्यातनं लेझर सोडायचा आणि मुतखडा फोडायचा." आईनं पदर तोंडाला लावला. "बाईमाणसानं असलं काम करायचं?" तू भाकरी मोडत म्हणालास, "मी गडी माणूस रोज तेच करतो. मला तर कधी काही म्हणाली नाहीस." बाबा हसले. ते फार क्वचित हसतात. आता तर त्यांच्याकडे बघवत नाही. निवृत्त मास्तर माणूस, अजून रोज सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालतात आणि ओट्यावर बसून राहतात.

मला तुझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा तू बोलावलंस ते रागाच्या भरात. नाशिकचं काम सांभाळून तू आठवड्यातले दोन दिवस जव्हारच्या त्या छोट्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात यायचास. तिथं एकच लवचिक दुर्बीण होती, आणि ती पुन्हा फुटली होती. "तुम्ही पुण्यात एसीत बसून काय बनवता ते एकदा बघून जा," तू फोनवर म्हणालास. मी आले. जुनी, दुरुस्त करून आलेली दुर्बीण तू हातात घेतलीस आणि पडद्यावर मला किडनीचा आतला भाग दिसला. गुलाबी, ओलसर, एखाद्या गुहेसारखा. खालच्या कोपऱ्यात पिवळट खडा बसला होता. दुर्बिणीचं टोक तिकडं वळवून तू लेझरचा तंतू, ते फायबर, आत सरकवायला गेलास आणि वळलेलं टोक सरळ व्हायला लागलं. काचेचा तंतू ताठ असतो, तो वाकू देत नाही. जोर लावला तर वळणावर दुर्बिणीचं आतलं अस्तर फाडतो. तू मान न वळवता म्हणालास, "बघितलंस? असंच फाटतं. मग दुर्बीण दुरुस्तीला जाते, आणि तोपर्यंत इथल्या माणसानं कळा सोसत नाशिकची वाट धरायची."

परतताना तुझ्या गाडीत त्र्यंबकपर्यंत मी वहीत आकृत्या काढत होते. डोक्यात एकच होतं. तंतू बाहेरून घालायचाच कशाला? दुर्बीण तयार करतानाच तिच्या भिंतीत त्याची वाट करून ठेवू. मुख्य पोकळी नुसत्या पाण्याला राहील, पाणी भरपूर जाईल, चित्र स्वच्छ दिसेल, आणि फाटायची भीतीच नाही. तुला सांगितलं तर तू पहिल्याच वाक्यात त्यावर पाणी ओतलंस. "फायबरचं टोक जळून झिजतं, बाय. खडा मोठा असला की अर्ध्यात संपतं. मग अख्खी दुर्बीण फेकून द्यायची?"

त्यावर आपण किती भांडलो! खोडाळ्याच्या घरी ताटाच्या कडेला बोटानं रेघा ओढत भांडलो. तंतू आतच राहील पण मुठीतल्या एका छोट्या खटक्यानं झिजेल तसा पुढं सरकेल, हे त्या भांडणातूनच निघालं. कल्पना तुझी होती की माझी, हे आपण कधीच ठरवलं नाही. पेटंटच्या कागदावर माझं नाव आहे. मला विचारशील तर तुझी होती. पण तू म्हणशील, नाही, तुझीच. म्हणजे तिथंही भांडण आलंच.

त्या सरकत्या वाटेनं दुर्बीण केसभर जाड झाली. केसभर म्हणजे अक्षरशः केसभर. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतं. तूही तेव्हा मान डोलावलीस.

दादा, तुझ्याकडे येणाऱ्या बायका मला त्या सगळ्या खटाटोपात समजत गेल्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, भिवंडीकडं नाहीतर वसईकडं, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. उन्हात, धगीत दिवसभर. एकीला तू माझ्यादेखत रागावलास, "पाणी का पीत नाहीस गं? खडे होणार नाहीत तर काय?" ती जमिनीकडं बघत म्हणाली, "पानी पिलं का लगवीला जावं लागतं, डॉक्टर. उघड्या माळावर भट्टी. बाईनं जायाचं कुठं?" तू तिच्या कागदावर औषध लिहून दिलंस. बाहेर येऊन मला म्हणालास, "तुझ्या दुर्बिणीनं हे दुरुस्त होणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या औषधानंही नाही." ते भांडण नव्हतं. तेव्हा आपण दोघं एकाच बाजूला उभे होतो.

मंजुळा त्यांच्यातलीच. वावर गावाच्या पुढच्या पाड्यावरची, माझ्यापेक्षा लहान. तिच्या खड्यानं लघवीची वाट अडवली होती. तू आधी तिला नळी घालून मोकळं केलंस, जंतूंची औषधं दिलीस, लघवी तपासून घेतलीस. सगळं रीतसर. तोपर्यंत आमच्या नव्या दुर्बिणीला माणसांवर चाचणीची परवानगी मिळाली होती. तू मंजुळाला आणि तिच्या नवऱ्याला, लहानूला, समोर बसवून सांगितलंस की ही नवी आहे, नको असेल तर जुन्यानं करू. ते तू आपल्या घरच्या बोलीत सांगितलंस, आजी बोलायची त्या बोलीत. मंजुळा हसून म्हणाली, "तुमी आमचंच मानूस. तुमाला वाटल तसा करा." आणि सही केली. शाळेत शिकलेली सही, एकेक अक्षर जोडून.

ऑपरेशन चांगलं झालं. मी काचेपलीकडं उभी होते. खडा फुटून त्याची अगदी धूळ झाली. धुळीनं पडदा गढूळ व्हायचा, तू सिस्टरला म्हणायचास, "पाणी जोरात," आणि ती हातानं पिचकारी दाबायची. चित्र स्वच्छ व्हायचं. शेवटचा कण निघाला तेव्हा तू माझ्याकडं बघून भुवया उडवल्यास. तसं तू लहानपणी कैरी पाडल्यावर करायचास. तुझा तो चेहरा माझ्याजवळ आहे. तेवढा एक मी कुणाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाला हुडहुडी भरली. दुपारपर्यंत रक्तदाब खाली आला. तू स्वतः अँब्युलन्समध्ये तिच्याबरोबर बसलास. मोखाड्यापर्यंत ती बोलत होती, पोरीला शाळेतनं आणायचं आहे असं काहीतरी. नाशिकला पोचलात, तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं. ती वाचली नाही.

लहानू तिथंच व्हरांड्यात उकिडवा बसला होता. तू त्याला सांगितलंस तेव्हा मी तुझ्यामागं उभी होते.

"डॉक्टर, खडा निघाला का?" त्यानं विचारलं.

"निघाला."

"आख्खा?"

"अख्खा."

"मंग कशानं गेली?"

तुझ्याकडं उत्तर होतं. जंतू, रक्तात पसरलेलं विष, किडनीतला पाण्याचा दाब. तू त्याच्यासमोर तसाच खाली बसलास.

त्यानंतर आपण सरळ बोललोच नाही. कंपनीत आमच्या साहेबांचं म्हणणं होतं की असं कुठल्याही दुर्बिणीनं होतं, खड्याच्या पोटात जंतू लपलेले असतात, लघवीच्या तपासणीत ते येत नाहीत. ते खोटं नव्हतं. पण तू चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला लिहून दिलंस की पाणी मी जोरात सोडायला लावलं, किडनीतला दाब वाढून जंतू रक्तात ढकलले गेले असणार, मला थांबता आलं असतं. चाचणी थांबली. मी तुला फोन केला. आठवतं ना?

"तू स्वतःला का फासावर चढवतोस?" मी ओरडले. "पाणी जोरात सोडायची वेळच का आली? गढूळ पाणी परत यायला दुर्बिणीच्या कडेला फट उरली नव्हती म्हणून. ती फट मी खाल्ली. जाडी मी वाढवली, तू नाही."

"तुझ्या डिझाइनला हात नसतात, बाय. पिचकारी माझ्या हुकमानं दाबली."

"पण दुर्बीण माझी होती."

"पेशंट माझी होती."

आणि तू फोन ठेवलास. दोन भावंडं एका मेलेल्या बाईवरून भांडत होती, ती माझी म्हणून. आईनं ऐकलं असतं तर दोघांना काठीनं झोडलं असतं.

मी मग तेच केलं जे मला येतं. रबरासारख्या मऊ पदार्थाची किडनी ओतली, त्यात दाब मोजायचं यंत्र बसवलं, आणि जुनी-नवी दोन्ही दुर्बिणी घालून पाणी दाबून बघितलं. जोरात दाबलं की दोन्हींत दाब चढत होता. नवीत थोडा अधिक. हळू दाबलं तर दोन्हींत ठीक. म्हणजे दोष थोडा तुझा निघाला, थोडा माझा. आणि मंजुळाच्या खड्यात काय दडलं होतं ते मोजायचं कुठलंच यंत्र आता उपयोगाचं नव्हतं. तुला हे सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालास. तुला एकट्याला सगळं हवं होतं, दादा. वाटून घ्यायला तू तयार नव्हतास. देवमाणूस म्हणणाऱ्यांना तुझा हा हट्ट माहीत नाही.

दुर्बिणीच्या टोकाशी दाब मोजणारा ठिपक्याएवढा सेन्सर बसवायचा असं मी ठरवलं. दाब वाढला की पाणी आपोआप थांबेल, मग सर्जन कितीही ओरडू दे. पहिला नमुना घेऊन मी जव्हारला आले. तू ओपीडी संपवून बसला होतास, टेबलावर चहा निवत होता. तू डबा उघडलास, दुर्बीण हातात घेतलीस, अंगठ्यानं टोक वाकवलंस, सरळ केलंस, पुन्हा वाकवलंस. 

"जाड झालीय," तू म्हणालास, आणि डबा बंद केलास.

बस. त्या विषयावर तू माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. नंतर आपण आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, बाबांच्या चष्म्याबद्दल बोललो, तुझ्या मुलीच्या बारावीबद्दल बोललो. मी दर वेळी वाट बघायचे की आता म्हणशील, आता म्हणशील. चांगली झालीय, वाईट झालीय, काहीही.

तुझं वजन उतरत होतं. वहिनी म्हणायची, जेवत नाहीत नीट. तू हृदयाचे इतके रोगी पुढं पाठवलेस, तुला स्वतःचं कळलं नसेल यावर मी विश्वास ठेवत नाही. त्या दुपारी जव्हारला तू सिस्टरला म्हणालास, जरा आडवा होतो. तिनं तुझा घाम बघितला आणि गाडी बोलावली. मी पुण्यात टेबलावर झुकून एक तार जोडत होते. वहिनीचा फोन आला तेव्हा तुझी गाडी मोखाडा ओलांडून घाटाला लागली होती. नाशिक यायच्या आत तू संपलास. हृदयाची नस उघडणारं हॉस्पिटल जवळ असतं तर, असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणत. "तर" या शब्दानं मंजुळा परत आली नाही, तू काय येणार.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. की ठाऊक होती आणि मला नव्हती?

तुझे दिवस चालू असताना लहानू खोडाळ्याला आला. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गर्दी होती. तो बराच वेळ समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होता. बाबांनी ओळखलं नाही, मी ओळखलं. आत बोलावलं, आईनं चहा दिला. आईला तो कोण ते मी सांगितलं नाही. त्याच्या बरोबर त्याची मुलगी होती, आश्रमशाळेच्या गणवेशात. आई तिच्या वेणीची रिबीन बांधत बसली.

"डॉक्टर आमच्याकडं यायचा," लहानू म्हणाला.

"कधी?"

"ती गेल्यापासून. मइन्यातनं एकदा तरी. गाडी नदीशी ठिवायचा नि चढून यायचा. बसायचा. पोरीला खाऊ आनायचा. मंग जायाचा."

"काय बोलायचा?"

"काय नाय. तो माझ्याकडं बघायचा, मी सपराकडं बघायचो."

मी म्हटलं, "त्याला वाटत असेल, तुम्ही त्याला माफ करावं."

लहानूनं नकारार्थी मान हलवली. "माफीसाटी नाय यायचा तो. मला राग व्हता, बाय. लय राग व्हता. मी सांगायला पायजे व्हतं, का मला तुजा राग येतो, माझी बायको तुज्या हातात मेली. तेच ऐकायला यायचा तो. मला कळत व्हतं. पन दारात आलेल्या मानसाला असा कसा बोलू? आनि तो डॉक्टर. आमी नाय बोललो कदी डॉक्टरला." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आज सांगायला आलो व्हतो. तर हितं बाजारात कोनी सांगितलं, डॉक्टर गेला."

दादा, मी तेव्हा रडले. सभेत नाही, स्मशानात नाही, तेव्हा. तू आयुष्यभर लोकांचं ऐकत आलास आणि ज्याच्याकडून दोन कडक शब्द हवे होते त्याच्या झोपडीच्या सपराखाली मुकाट बसून परत येत राहिलास. मला एकदा सोबत नेलं असतंस तर. माझाही त्या रागात वाटा होता. तो मला मिळू दिला नाहीस.

निघताना लहानूनं विचारलं, "ती नळी आता परत कोनात घालनार?"

मी खोटं बोलले नाही. "घालणार. आता तिला दाब कळतो. पण घालणार."

"मंग ज्या बाईत घालशील तिला सांगशील? मंजुळा गेली म्हनून?"

"सांगीन."

समितीनं चाचणी पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. तुझ्या जागी आता नव्या डॉक्टर मॅडम आहेत, हुशार आणि घाई न करणाऱ्या. त्यांना मी म्हटलं, पहिल्या पेशंटशी बोलताना मी असते. मोखाड्याकडची एक बाई होती, सासू बरोबर. मॅडमनी सगळं समजावलं. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. तुझ्यासारखी मला येत नाही, पुण्यानं घालवली. सांगितलं की याच दुर्बिणीच्या आधीच्या रूपानं वावरकडची एक बाई गेली, मंजुळा तिचं नाव, तिला एक मुलगी आहे. खडा निघाला होता, तरी ती गेली. त्यानंतर आम्ही काय बदललं तेही सांगितलं. आणि सांगितलं की डॉक्टर आपल्यातला आहे म्हणून हो म्हणायचं नाही.

बाईनं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "आमी उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. बाई उभ्या उभ्याच म्हणाली, "मला नको ती नवी. जुन्यानंच करा." ती माझ्याकडं बघून बोलली. मॅडमनी तिला जुन्या दुर्बिणीची तारीख दिली.

मी डबा घेऊन बाहेर आले. साहेबांचा फोन आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, पेशंट नाही म्हणाली. ते वैतागले. दादा, मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं, की हे तुला कळवायला हवं. सगळं ऐकून घेऊन, आपल्या तोंडावर, आपल्याकडच्या एका बाईनं आपल्याला नाही म्हटलं.